अभय कोणी द्यायचे?

इंजेक्शनची सुई दिसताच ज्याला दरदरून घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, त्याला आपण सहज भित्रा ठरवतो. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी गुणांची मोजदाद अभयापासून सुरू होते. त्यामुळे निर्भयता म्हणजे सद्गुण आणि भीती म्हणजे चारित्र्यातली उणीव, हे समीकरण आपल्या मनात पक्के बसले आहे. पण जी भीती इच्छेला न विचारता शरीरात आपले काम सुरू करते, तिच्यासाठी माणसाला नैतिक दोष देता येईल का? देता येणार नाही, असे माझे मत आहे. त्यातून आणखी एक निष्कर्ष निघतो: दवाखान्यातले अभय रुग्णाने कमवावे, तितकेच ते इतरांनी त्याला द्यावेही लागते.

आधी शरीराची साक्ष पाहू. साप किंवा उंच कडा पाहून माणूस घाबरतो तेव्हा नाडी आणि रक्तदाब दोन्ही वाढतात, त्यामुळे तो सहसा बेशुद्ध पडत नाही. रक्त, जखम आणि सुई यांच्या तीव्र भीतीत मात्र पुष्कळांच्या बाबतीत उलट घडते. सुरुवातीला नाडी वेगाने चालते, मग व्हेगस मज्जातंतूच्या प्रभावाने ती एकाएकी मंदावते, रक्तवाहिन्या सैलावतात, दाब कोसळतो, मेंदूला रक्त कमी पडते आणि माणूस खाली कोसळतो. ही प्रवृत्ती अनेकदा घराण्यात चालत आलेली दिसते. एरवी धाडसी असलेला माणूसही तिला अपवाद नसतो. ज्याला सुईची भीती मुळीच जाणवत नाही, त्याचेही शरीर दवाखान्यात तटस्थ राहतेच असे नाही. इटलीतील ज्युसेप्पे मान्चिया आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये रुग्णांच्या धमनीतच नळी ठेवून रक्तदाब सलग नोंदवला. डॉक्टर दाब मोजायला खाटेजवळ आले की पहिल्या काही मिनिटांत वरचा आकडा सरासरी सुमारे २७ने आणि खालचा सुमारे १५ने चढत होता. डॉक्टरच्या नुसत्या येण्याने एवढा फरक पडत असेल, तर भीतीला मनोबलाच्या तागडीत तोलणे अन्यायाचे आहे.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. बुद्धांच्या सल्लत्थ सुत्तात दोन बाणांचा दृष्टांत येतो: शरीराची वेदना हा पहिला बाण, आणि तिच्यामुळे मनाने केलेला शोक हा दुसरा. ज्ञानी माणसाला पहिला लागतो, दुसरा लागत नाही. मग दुसऱ्या बाणाची जबाबदारी ज्याची त्याचीच नव्हे का? मनाचा वाटा खरा आहे, हे मान्यच केले पाहिजे. कोविड लसींच्या बारा चाचण्यांची माहिती एकत्र करून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात, लसीचा अंशही नसलेले इंजेक्शन घेतलेल्यांपैकी सुमारे ३५ टक्के लोकांनी पहिल्या डोसनंतर डोकेदुखी, थकवा यांसारखे त्रास नोंदवले. त्यातले काही त्रास एरवीही झाले असते, पण अपेक्षेचा वाटाही मोठा होता. मात्र ही अपेक्षा त्या माणसाने एकट्याने घडवलेली नसते. ऐकलेल्या गोष्टी, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे अनुभव आणि सुई टोचणाऱ्याचे शब्द तिच्यात मिसळलेले असतात. दुसरा बाण मनात रुततो हे खरे. तो सोडणारे हात मात्र पुष्कळदा दुसऱ्यांचे असतात.

मग माणसाने स्वतः काहीच करायचे नाही का? करता येते, पण त्याचा मार्ग लाज वाटून घेण्याचा नाही. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्ट यांनी १९८०च्या दशकात एक साधी पद्धत विकसित केली: हात, पाय आणि धडाचे स्नायू दहा-पंधरा सेकंद, चेहऱ्यावर ऊब जाणवेपर्यंत आवळायचे, मग सोडायचे, आणि हे पुन्हा पुन्हा करायचे. त्याने रक्तदाब टिकतो आणि मूर्च्छा टाळता येते. इथे देहाला तुच्छ लेखून धैर्य येत नाही, देहाला शिकवून येते. ‘मी देह नाही’ हे तत्त्वज्ञान ज्याच्या अनुभवाचे असेल त्याने त्याचा आधार जरूर घ्यावा. घाबरलेल्या दुसऱ्याला हिणवण्यासाठी मात्र ते वापरू नये.

घाबरणाऱ्याला गोंजारले तर तो अधिकच दुबळा होईल, अशी शंका काही जण घेतात. पण अभय देणे म्हणजे खोटी समजूत घालणे नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये लसीकरणातील वेदना कमी करण्यासाठी ज्या सूचना दिल्या, त्यांत बाळाला आईने कवेत धरावे, शक्य असेल तर अंगावर पाजावे, जास्त दुखणारी लस शेवटी द्यावी आणि देणाऱ्याने शांत राहावे, असे सांगितले आहे. त्याच मार्गदर्शनात खोटी हमी टाळण्याचाही आग्रह आहे, कारण ती खोटी ठरली की विश्वास तुटतो. जैन परंपरेने अभयदानाला श्रेष्ठ दान मानले. या दानात सत्य आणि करुणा दोन्ही लागतात. म्हणून मुलाला गप्प करण्यासाठी ‘डॉक्टरकाका सुई टोचतील’ अशी धमकी कृपा करून देऊ नका. परिचारिकेने टोचण्याआधी दोन खरे, शांत शब्द बोलावेत. आणि जो घाबरतो त्याने ‘मला आधी चक्कर आली होती, मला आडवे झोपवून इंजेक्शन द्या’ असे निःसंकोच सांगावे. त्यात कमीपणा काहीही नाही.