"मलम लावलें काय?"

कर्करोगावर किरणोपचार चालू असलेल्या माणसाच्या घरीं भेटीस गेलें असतां एक प्रश्न हमखास कानीं पडतो. मुलगा विचारतो, सून विचारते, शेजारीण विचारते, आणि पाळकही विचारतो: "मलम लावलें काय?" रोगी मान खालीं घालतो. मग कोणी तरी म्हणतें, "डॉक्टर सांगून थकले, पण हीच ऐकत नाहीं." वाचक बंधुभगिनींनो, हा आरोप न्याय्य आहे काय, ह्याचा विचार आज आपण करूं. तो मीं स्वतः केलेला आहे; म्हणून दुसऱ्या कोणावर ठपका ठेवण्याच्या हेतूनें मी हें लिहीत नाहीं.

प्रथम कातडीला काय होतें तें ध्यानांत घेतलें पाहिजे. बहुधा आठवड्यांतून पांच दिवस, असे कित्येक आठवडे, यंत्रांतून किरण रोगाच्या जागीं सोडितात. ते कातडीतून आंत जातात, आणि तिच्या तळाशीं ज्या पेशी नित्य नवी कातडी घडवीत असतात त्यांसही इजा करितात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून कातडी तांबडी होते, खाजते, काळवंडते. कित्येकांची ओली होऊन सोलते, विशेषतः काखेंत, स्तनाखालीं व मानेच्या वळ्यांत, जेथें कातडीवर कातडी घासते. विस्तवानें भाजलेला मनुष्य एकदांच भाजतो. ह्याला उद्यां पुन्हा त्याच यंत्राखालीं निजावयाचें असतें. सांगितलेली काळजी दिसावयास साधी आहे. कोमट पाण्यानें व सौम्य साबणानें हलकें धुवावें, न घासतां टिपावें, डॉक्टरांनीं दिलेलें मलम पातळ लावावें, सैल सुती वस्त्र वापरावें, ऊन, शेक व बर्फ टाळावा. पूर्वी ह्या जागेस पाणीच लावूं नये असें पुष्कळ ठिकाणीं सांगत. परंतु १९९२ व २००१ सालीं प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत धुतल्यानें अपाय होत नाहीं असें आढळून आलें.

आमच्या मंडळींतील एका बाईची स्तनाची शस्त्रक्रिया होऊन छातीवर किरणोपचार चालू होते. मी भेटीस गेलों तेव्हां तिसरा आठवडा संपत आला होता. काख सोलली होती, आणि मलमाची नळी उशाशीं जशीच्या तशी, झांकणही न उघडलेली. शरीर ही आपणांस सोंपविलेली ठेव आहे, तिची हेळसांड बरी नव्हे, असें मीं तिला चांगलें पंधरा मिनिटें सांगितलें. ती "होय, पाळकसाहेब" म्हणाली. दुसरें काय म्हणणार होती?

दुसऱ्या दिवशीं माझी पत्नी गेली. तिनें दार लावून घेतलें आणि एवढेंच विचारलें, "तिथं हात पोंचतो का, बाई?" मग एकेक गोष्ट बाहेर आली. शस्त्रक्रियेनें खांदा आंखडला होता. काखेंत पाहणें व लावणें दोन्हीं तिला जमत नव्हतीं. नवऱ्यास दाखविण्याची लाज वाटे. छातीवर शाईच्या खुणा केल्या होत्या. त्या पुसूं देऊं नका अशी ताकीद होती, म्हणून तिनें अठरा दिवस छातीस पाणीच लागूं दिलें नव्हतें. सैल पोलकें घालावें तर एक बाजू रिकामी दिसे. म्हणून बाजारांतून जातांना ती जुनें घट्ट पोलकेंच घाली. आणि ती नळी महाग होती. "आत्तां थोडंच दुखतंय, जास्त दुखेल तेव्हां लावीन म्हणून जपून ठेवलीय."

ह्यांत अवज्ञा कोठें आहे? दोन आज्ञांपैकीं जी मोडल्यास सर्व उपचार फुकट जातील असें तिला वाटलें, ती तिनें अक्षरशः पाळली. खुणांवरून नुसतें पाणी वाहूं द्यावें, चोळूं नये, फिकट झाल्यास घरीं न गिरवितां रुग्णालयांत सांगावें, एवढा खुलासा तिला कोणींच केला नव्हता. मीं तर विचारलेंही नाहीं. जो आज्ञा करितो त्यानें ती पाळण्याचें साधनही पाहावें, हें आपण मोलकऱ्याच्या बाबतींत मान्य करितों. फावडें न देतां खड्डा कां खणला नाहीं म्हणून कोणी रागावत नाहीं. रोग्याच्या बाबतींत मात्र विसरतों. त्यांतून गांव सोडून मुंबईस उपचारास गेलेलीं कुटुंबें धर्मशाळेंत राहतात, जेथें न्हाणी सर्वांची मिळून असते. तेथें काख उघडी करून पांच मिनिटें बसावयाचें तरी कोठें?

दुखण्याआधीं काळजी घेणें हें तर मनुष्यस्वभावास अगदींच उलट आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेंतील एक चाचणी २०२४ सालीं प्रसिद्ध झाली. कॅपेसिटाबिन नांवाच्या गोळ्यांनीं तळहात-तळपाय सोलतात. २६४ रोग्यांपैकीं निम्म्यांनीं डायक्लोफेनॅकचा लेप, आणि निम्म्यांनीं औषध नसलेला लेप, हातांस दिवसांतून दोनदां बारा आठवडे लावला. बेताचा किंवा तीव्र त्रास औषध नसलेला लेप लावणारांत शेंकडा १५ जणांस झाला, औषधाचा लेप लावणारांत शेंकडा चौघांस देखील नाहीं. (हें त्या गोळ्यांपुरतें आहे, किरणांच्या जागीं कोणीं आपल्या मनानें लावूं नये. हळद, चुना व शेजारच्या गांवची मुळी ह्यांविषयींही माझें हेंच म्हणणें आहे.) न दुखणारे हात बारा आठवडे सकाळ-संध्याकाळ चोळीत राहणें, हें एकट्याच्या निश्चयावर किती दिवस चालेल?

कोणी म्हणेल, मग रोग्याची जबाबदारी उरली कोठें? ती उरते. घशाचा कर्करोग झालेले एक वृद्ध गृहस्थ मला ठाऊक आहेत. घरीं पाणी, पैसा, मुलगा, सर्व कांहीं होतें, तरी ते मलम लावूं देत नसत. पुढें उमगलें कीं, यंत्र, डॉक्टर व मुलगा ह्यांच्या हातीं देह दिल्यावर "नको" म्हणावयास त्यांच्यापाशीं हें मलमच तेवढें राहिलें होतें. मुलानें आरसा व मलम त्यांच्यापुढें ठेविलें आणि तो बाहेर गेला. त्यांनीं तें आपल्या हातानें, आपल्या वेळीं लावलें. न लावते तर? बळजबरी करावी असें मला वाटत नाहीं. परंतु परिणाम स्पष्ट सांगावा. कातडी बरी होईपर्यंत आठ दिवस घरींच राहूं, असें पुष्कळजण परस्पर ठरवितात; आणि मुखाच्या, घशाच्या व गर्भाशयमुखाच्या कर्करोगांत असा खंड पडून उपचार लांबले म्हणजे रोग हटण्याची आशा कमी होते. थांबणें तें डॉक्टरांनीं ठरवावें.

त्या बाईसाठीं स्त्रीमंडळांतील एका भगिनीनें संध्याकाळची सहाची वेळ आपल्याकडे घेतली. तिनें मलमलीचीं दोन सैल पोलकीं शिवलीं, पुढें चुण्या घातलेलीं, कीं कोणती बाजू भरली व कोणती रिकामी हें कोणास कळूं नये. किरण संपले त्या दिवशीं घरांत पेढे वांटले, आणि मीही समजलों कीं आतां काम झालें. वास्तविक कातडीचा त्रास शेवटच्या दिवसानंतर आठवडा-दोन आठवडे वाढतच असतो. हें रुग्णालयांतील परिचारिकेनें तिला आधींच सांगून ठेविलें होतें. ती आणखी चार आठवडे सहा वाजतां जात राहिली, आणि पहिली नळी संपण्यापूर्वींच बाईनें दुसरी मागविली.