नापास कोण?



यंत्रमागाचा खडखडाट आपल्या भिवंडीकरांच्या ओळखीचा. धागा तुटला की कामगार माग थांबवतो, गाठ मारतो आणि मगच पुढे विणतो. मुलांच्या शिक्षणात आपण असे थांबतो का?

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत कोणालाही नापास करू नये असे ठरवले. हेतू दयेचा होता. नापास झालेले मूल शाळा सोडून कामाला लागते. पण धड वाचता न येणारी मुलेही वरच्या वर्गात जात राहिली. २०१९ मध्ये कायदा बदलला. २०२३ मध्ये महाराष्ट्राने पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा आणली. अमेरिकेनेही २००२ पासून परीक्षेच्या निकालावरून शाळांना जाब विचारला आणि २०१५ मध्ये ती सक्ती सैल केली.

मग खरी दया कशात? पुढे ढकलण्यात की मागे ठेवण्यात? दोन्ही सोपे आहे, कारण दोन्हींत मुलाजवळ बसावे लागत नाही. नव्या कायद्यात एक चांगली गोष्ट आहे : नापास मुलाला जादा शिकवून दोन महिन्यांत फेरपरीक्षेची संधी द्यायची. ते दोन महिने कोरडे गेले, तर नापास मूल नव्हे, आपण मोठी माणसे झालो.

शेजारी असे एखादे मूल असेल, तर रोज अर्धा तास त्याच्याजवळ बसू या.