राखणदाराचा पगार

‘ओनावो प्रोटेक्ट’ नावाचे एक मोफत व्हीपीएन ॲप होते. तुमची माहिती सुरक्षित ठेवू, असे ते सांगे. ते बनवणारी इस्रायली कंपनी फेसबुकने २०१३ मध्ये विकत घेतली. त्यानंतर लोक इतर कोणती ॲप किती वापरतात, हे फेसबुकला या ‘सुरक्षे’तूनच कळू लागले. ब्रिटिश संसदेच्या समितीने डिसेंबर २०१८ मध्ये फेसबुकची अंतर्गत कागदपत्रे प्रसिद्ध केली. त्यांत ओनावोच्या माहितीवरून काढलेले व्हॉट्सॲपच्या वाढत्या वापराचे आलेख होते. हेच व्हॉट्सॲप फेसबुकने २०१४ मध्ये घेतले. जाहीर झालेली किंमत १९ अब्ज डॉलर.

व्हीपीएन आपली इंटरनेटवरची ये-जा स्वतःच्या सर्व्हरमधून नेते, पण त्यामुळे नजर नाहीशी होत नाही. इंटरनेट पुरवणाऱ्याला जे दिसले असते, ते आता व्हीपीएनवाल्याला दिसते: कोणत्या साइटवर, केव्हा, किती वेळ. थोडक्यात, आपण राखणदार बदलतो. मग नव्या राखणदाराचा पगार कोण देतो, हे विचारायला नको का? सर्व्हर चालवायला रोज पैसा लागतो. तो आपण देत नसू, तर दुसरे कोणीतरी देते, आणि राखणदार त्याचेच ऐकतो.

यावरचा ठरलेला बचाव म्हणजे, ‘अटींमध्ये लिहिले होते की!’ ऑस्ट्रेलियाच्या फेडरल कोर्टाने जुलै २०२३ मध्ये फेसबुकच्या दोन उपकंपन्यांना मिळून २ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला, तो नेमका याच मुद्द्यावर. ओनावो प्रोटेक्टच्या वर्णनात संरक्षणाची भाषा ठळक होती. माहितीचा व्यापारी वापर होईल, हे तिथे पुरेसे सांगितलेले नव्हते. (व्हॉट्सॲपच्या किमतीपुढे हा दंड म्हणजे चिल्लर.)

मला यात चोरीपेक्षा विश्वासघात मोठा वाटतो. कोणी पाहू नये म्हणून धास्तावलेला माणूस दाराशी येतो आणि त्याची धास्तीच त्याच्यावर नजर ठेवायला वापरली जाते. अशा वेळी ‘त्याने होकाराचे बटण दाबले होते’ हे म्हणणे कागदोपत्री ठीक असेल, नीतीत बसत नाही.

फुकट ते सगळे खोटे, असेही नाही. प्रोटॉन व्हीपीएनची मोफत योजना पैसे भरणाऱ्या ग्राहकांच्या जोरावर चालते आणि कंपनी तसे उघड सांगते. उलट पैसे घेतले म्हणून कोणी प्रामाणिक ठरत नाही. पण खर्च कोण भागवतो, हे ज्या मोफत व्हीपीएनने सरळ, समजेल असे सांगितलेले नाही, ते आजच फोनमधून काढून टाका.