साहसाचा हिशेब

‘साहस’ हा शब्द आज आपण स्तुतीनें उच्चारतों; परंतु धर्मशास्त्रकारांच्या व्यवहारप्रकरणांत तें अपराधाचें एक पद होतें, व बळजोरीच्या कृत्यांस उद्देशून तें योजिलें जाई. अपराधाचा गुण कसा झाला हा भाषापंडितांचा विषय. तथापि ज्या कृत्याचें मोल आगाऊ ठरवितां येत नाहीं त्याजकडे समाज या दोन्ही दृष्टींनीं पाहत आला आहे, एवढें त्यावरून दिसतें.

समुद्राच्या लाटांपासून वीज काढण्याच्या धंद्यांत ही अडचण अगदीं उघडी पडते. एडिंबरो येथें १९९८ सालीं निघालेल्या पेलामिस कंपनीचेंच उदाहरण घ्या. पेलामिस हें एका समुद्रसर्पाचें नांव, आणि तिचें यंत्रही तसेंच होतें: पोलादी नळकांडीं सांध्यांनीं जोडलेलीं, लांबी सुमारें १२० मीटर. लाटेसरशी सांधे वांकत, आंतील द्रव दाबला जाई, व त्या दाबावर जनित्र फिरे. २००४ सालीं ऑर्कनी बेटांजवळून या यंत्रानें किनाऱ्यावर वीज पोंचविली. २००८ च्या सप्टेंबरांत पोर्तुगालच्या अगुसादोरा किनाऱ्यासमोर अशीं तीन यंत्रें, एकूण २,२५० किलोवॅट शक्तीचीं, सुरू झालीं. आणि दोनएक महिन्यांतच तीं बंदरांत ओढून आणावीं लागलीं. बेअरिंगांनीं दगा दिला, आणि प्रकल्पांतील मुख्य भांडवलवाली कंपनीही त्याच सुमारास आर्थिक संकटांत बुडाली. पुढें सुधारलेलीं यंत्रें झालीं, ऑर्कनीस चाचण्याही झाल्या. परंतु २०१४ च्या नोव्हेंबरांत कंपनीचा कारभार प्रशासकांच्या हातीं गेला.

यावर शहाणे लोक डेन्मार्ककडे बोट दाखवितात. तेथें विंडेबी येथें १९९१ सालीं उथळ समुद्रांत ११ पवनचक्क्या उभारल्या, प्रत्येकी ४५० किलोवॅटच्या. आणि त्या २०१७ पर्यंत टिकल्या. खरें आहे, पण तेथें समुद्र तेवढा नवा होता, पवनचक्की जमिनीवर पारखलेली होती. लाटेच्या यंत्रास जमीन कोठून आणावी? हौदांतील लहान प्रतिकृति कांहीं सांगते, सर्व सांगत नाहीं. निर्णयास जें ज्ञान हवें, तें निर्णय घेतल्यावांचून मिळतच नाहीं.

फ्रँक नाइट या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें १९२१ सालीं जोखीम व अनिश्चितता यांत भेद केला: पहिलीची संभाव्यता मोजतां येते, दुसरीची येत नाहीं, पहिलीचा विमा उतरतां येतो, आणि उद्योजकाचा खरा नफा हें दुसरीचें फळ. हा भेद अर्थशास्त्राचा म्हणून शिकविला जातो. मला तो नीतीचाही वाटतो. फळावरून निर्णयाचा न्याय करणें अन्यायाचें आहे, हें उघड आहे. पण म्हणून उद्योजक सर्व दोषांतून सुटला काय? अनिश्चिततेस जोखमीचा पोशाख चढवून, दशांशचिन्हासह अंदाजपत्रक पुढें ठेवणें, हा त्याचा खरा मोह. आणि त्यांत भांडवलवालाही निरपराध नाहीं. कारण ‘ठाऊक नाहीं’ असें प्रांजळपणें सांगणाऱ्यास तो पैसा देत नाहीं.

याहून कमी चर्चिला जाणारा मोह निराळाच आहे. मोडलेल्या सांध्याची हकीकत बाहेर गेली तर पुढील भांडवल आटतें, म्हणून ती दडपली जाते. आणि मग शेजारची कंपनी तीच चूक स्वतःच्या पैशानें पुन्हां विकत घेते. पेलामिसच्या मृत्यूनंतर तिचे आराखडे व अनुभव स्कॉटलंडच्या सरकारनें स्थापिलेल्या ‘वेव्ह एनर्जी स्कॉटलंड’ या संस्थेनें घेतले. ही संस्था आपल्या साह्यानें झालेल्या कामांचे अहवाल प्रसिद्ध करते. कंपनी जिवंत असतां जें ज्ञान तिची खाजगी ठेव होती, तें ती मेल्यावर पुष्कळांच्या उपयोगी पडलें. त्यासाठीं मरणाची वाट पाहावी हें मला पटत नाहीं. ज्या धंद्यांत सार्वजनिक पैसा ओतला गेला आहे, तेथें तरी चालत्या कंपनीकडून तिच्या अपयशाची हकीकत मागण्याचा अधिकार लोकांस असला पाहिजे; आणि ती देण्याची अट करारांतच घातली, तर कोणा एकाच कंपनीस प्रामाणिकपणाचा दंड भरावा लागणार नाहीं.