उतारशाळेचे दार



गेल्या महिन्यात रविवारच्या मिस्सानंतर आपल्या धर्मग्रामातील एक मावशी मला भेटायला आल्या. तीन महिने कॅनडात, ब्रॅम्प्टनला लेकीकडे राहून त्या नुकत्याच परतल्या होत्या. तिथे एके दिवशी लेकीच्या पर्समध्ये त्यांना चष्म्याच्या घरासारखी एक डबी दिसली. आत नाकात फवारायच्या औषधाच्या दोन कुप्या आणि हातमोजे होते. मावशी घाबरल्या. लेक हसून म्हणाली, "आई, हे माझ्यासाठी नाही. गर्द किंवा तसले काही जास्त घेऊन कोणी रस्त्यात बेशुद्ध पडला, तर त्याच्या नाकात मारायचे. मेडिकलमध्ये फुकट मिळते."

मावशींनी मला विचारले, "फादर, असे औषध दुकानात सहज मिळू लागले, तर घेणाऱ्याला उलट धीरच येणार ना? आपल्या माणसांनी ते जवळ बाळगावे का?"

मी त्यांना घाईत काहीतरी उत्तर दिले. ते माझे मलाच पटले नाही. म्हणून आज हे लिहितो आहे.

आधी औषधाविषयी. त्याचे नाव नालोक्सोन. अफूच्या जातीचे पदार्थ, म्हणजे हेरॉईन, मॉर्फिन, फेंटानिल, प्रमाणाबाहेर शरीरात गेले की मेंदू श्वास घेण्याचा आदेश देणे थांबवतो. माणूस झोपल्यासारखा दिसतो आणि झोपेतच जातो. नालोक्सोन त्या विषाला मेंदूतल्या जागेवरून ढकलून देते आणि दोन-तीन मिनिटांत श्वास परत येऊ लागतो. त्याची नशा चढत नाही. शरीरात अफूजन्य पदार्थ नसेल, तर ते काहीच करीत नाही. मात्र त्याचा परिणाम साधारण अर्ध्या तासापासून दीड तासापर्यंत टिकतो. म्हणून रुग्णवाहिका बोलवावीच लागते.

हे औषध नवे नाही. १९६१ साली त्याचे पेटंट घेतले गेले आणि १९७१ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. पण कितीतरी वर्षे ते इस्पितळात आणि रुग्णवाहिकेतच राहिले. श्वास थांबल्यावर मेंदूकडे चार-पाच मिनिटे असतात. तेवढ्या वेळात इस्पितळ येत नाही, शेजारी येतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ साली सांगितले की, असा प्रसंग ज्यांच्या डोळ्यांसमोर घडू शकतो त्यांच्या हाती हे औषध असावे. कॅनडाने २०१६ साली डॉक्टरच्या चिठ्ठीची अट काढली आणि त्याच वर्षी ओंटारिओतील मेडिकलमधून ते मोफत मिळू लागले. ऑस्ट्रेलियात २०२२ पासून सहभागी मेडिकलमध्ये ते विनाचिठ्ठी, विनामूल्य मिळते. अमेरिकेने मार्च २०२३ मध्ये नाकातल्या फवाऱ्याला विनाचिठ्ठी विक्रीची परवानगी दिली. २०२२ साली त्या देशात अमली पदार्थांच्या अतिसेवनाने एक लाखाहून अधिक माणसे दगावली होती.

या औषधाच्या शोधकर्त्यांपैकी एक, जॅक फिशमन. त्यांचा सावत्र मुलगा २००३ साली हेरॉईनच्या अतिसेवनाने वारला. ज्याने औषध घडविले, त्याच्याच कुटुंबातला मुलगा त्या औषधाविना गेला. औषध जगात असणे आणि ते वेळेला हाताशी असणे, या दोन गोष्टींमधले अंतर त्या कुटुंबाला जेवढे कळले असेल, तेवढे कोणत्याही ग्रंथातून कळणार नाही.

आता मावशींच्या प्रश्नाकडे वळू. तो प्रश्न उथळ नाही. अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनीही तो गंभीरपणे मांडला आहे: धोका कमी झाला की माणूस बेफिकीर होतो. उलट बाजूने, मॅसॅच्युसेट्समधील गावांचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. जिथे लोकांना हे औषध आणि त्याचे शिक्षण दिले गेले, तिथे अतिसेवनाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण कमी आढळले. पण समजा, एखादा खरोखरच या औषधाच्या भरवशावर अधिक बेफिकीर झाला. मग काय?

हा आक्षेप आपल्याला ओळखीचा वाटायला हवा. तो आपल्यावरही घेतला जातो. 'तुम्हा कॅथोलिकांचे बरे आहे, आठवडाभर पाप करा आणि शनिवारी फादरकडे जाऊन मोकळे व्हा.' संत पौलापुढेही हाच प्रश्न होता. कृपा वाढावी म्हणून पाप करीत राहावे काय, असे विचारून त्यानेच तो ठामपणे झिडकारला. क्षमा गृहीत धरणे हे पाप आहे, हे ख्रिस्तसभा शिकवते. तरीही कोणी क्षमा गृहीत धरील म्हणून तिने प्रायश्चित्ताचे दार कधी बंद केले नाही. गैरवापराला उत्तर म्हणून तिने उपदेश केला, साथ दिली, वाट पाहिली. शिवाय बेशुद्ध पडलेला माणूस हे औषध स्वतः घेऊ शकत नाही आणि शुद्धीवर येताना व्यसनी शरीराला जो त्रास होतो, त्याची कोणी हौसेने वाट पाहत नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे: आपण पापाला हातभार लावतो का? नीतिशास्त्रात याला सहकार्याचा प्रश्न म्हणतात. १९९९ साली सिडनीत सिस्टर्स ऑफ चॅरिटी या संस्थेने देखरेखीखाली इंजेक्शन घेण्याचे केंद्र चालवावे की नाही, असा प्रश्न आला, तेव्हा रोमने त्यांना त्यातून माघार घ्यायला सांगितले. तिथे नशा करण्याच्या कृतीलाच जागा द्यावयाची होती. नालोक्सोनचे तसे नाही. ते कृती घडून गेल्यावर येते. त्याचा हेतू आणि त्याचे काम एकच, ते म्हणजे थांबलेला श्वास चालू करणे. बुडणाऱ्याला बाहेर ओढणारा त्याच्या दारूला संमती देत नसतो.

मग उरतो आपल्या मनातला तिसरा आक्षेप. तो आपण सहसा बोलून दाखवत नाही. 'किती वेळा?' २०१७ साली अमेरिकेतील ओहायो राज्यात मिडलटाऊन शहराच्या एका नगरसेवकाने तो बोलून दाखवला. ज्याला दोनदा वाचवले, त्याच्यासाठी तिसऱ्यांदा रुग्णवाहिका पाठवू नये, असे त्याने सुचविले. खर्चाचा ताण खरा होता, हे मान्य करायला हवे. पण हाच प्रश्न पेत्राने प्रभूला विचारला होता. सात वेळा पुरे का? प्रभूने दिलेला आकडा हिशेब ठेवण्यासाठी नव्हता, हिशेब सोडून देण्यासाठी होता. सवय जडली की माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, असे आपला कॅटेकिझमही सांगतो. आणि मेलेल्या माणसाला पश्चात्ताप करायला वेळ मिळत नाही. ज्याला आपण तिसऱ्यांदा सोडून देतो, त्याची चौथी संधी आपण घेतलेली असते.

यरीहोच्या वाटेवरची गोष्ट मला धर्मगुरू म्हणून नेहमी टोचते, कारण तिथे पहिला पुढे निघून जाणारा याजकच आहे. पण अलीकडे माझे लक्ष उतारशाळेच्या रखवालदाराकडे जाते. शोमरोनी माणसाने जखमा बांधल्या आणि त्याच्या हाती दोन दीनार ठेवले. तो रखवालदार वैद्य नव्हता. त्याचे दार रस्त्यावर होते आणि ते उघडे होते, एवढेच. जखमी माणूस असा वाटेवर का गेला होता, असे त्याने विचारल्याचे प्रभूने सांगितलेले नाही. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्यात मला तो दिसतो.

मात्र दोन दीनार कोणीतरी द्यावे लागतात. अमेरिकेत २०२३ साली ही पेटी विनाचिठ्ठी विक्रीला आली, तेव्हा किंमत सुमारे ४५ डॉलर होती. रस्त्यावर झोपणाऱ्यासाठी दार उघडले, पण उंबरठा उंच राहिला. आणि श्वास परत आला म्हणजे माणूस बरा झाला, असेही नव्हे. त्यापुढचा मुक्काम लांब असतो. फादर ज्यो परेरा यांनी १९८१ साली बांद्र्याला सुरू केलेले 'कृपा फाउंडेशन' तेच काम करीत आले आहे.

आपल्या देशात हे औषध मुख्यतः इंजेक्शनच्या रूपात, डॉक्टरांच्या हातून वापरले जाते. तेव्हा आपल्यातल्या बहुतेकांपुढे डबीचा प्रश्न आज नाही. पण आपण ज्याला 'गर्दुल्ला' म्हणून ओलांडून जातो, तो कोणाचा तरी मुलगा आहे आणि तो झोपला आहे की त्याचा श्वास थांबतो आहे, हे वाकून पाहिल्याशिवाय कळत नाही. वाकून पाहायला चिठ्ठी लागत नाही. श्वास लागत नसेल, तर १०८ हा क्रमांक फिरवायला पैसे लागत नाहीत.

मावशी, तुमच्या लेकीला माझा निरोप द्या. ती डबी पर्समध्येच राहू दे. ती वापरायची वेळ तिच्यावर येऊ नये, अशी मी प्रार्थना करतो. आली, तर तिचा हात थरथरू नये, अशीही करतो.

प्रभूमध्ये तुमचा,
धर्मगुरू