देवाकडे आणि देवाला

॥ श्री ॥

आजचं वाचन : कठोपनिषद, पहिला अध्याय, पहिली वल्ली.

मंडळी, आमच्या ऑफिसात एक इंग्रजी शब्द दिवसातून दहा वेळा कानावर पडतो : ‘आस्क’. क्लायंटचा आस्क काय आहे? म्हणजे त्याची मागणी काय? शाळेत मात्र आपण या क्रियापदाचा पहिला अर्थ ‘विचारणे’ असा पाठ केला होता. इंग्रजीत त्याच्यापुढे ‘फॉर’ लागला की विचारण्याचं मागणं होतं. मराठीत ही दोन वेगळी क्रियापदं. आपण देवाकडे मागतो, पण देवाला विचारतो. मागताना नजर वस्तूवर असते, विचारताना समोरच्यावर.

आमच्या मालवणकडे दोन्ही गोष्टी देवळातच दिसतात. गाऱ्हाणं म्हणजे मागणं. सगळा गाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो. कौल म्हणजे विचारणं. देवाला पाकळ्या लावायच्या, प्रश्न मांडायचा आणि वाट बघायची. उजवी पडेल नाहीतर डावी. आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा ठरलेल्या तिथीला नसते, देवीचा कौल घेऊनच तारीख ठरते. तोवर मुंबईच्या चाकरमान्यांनाही रजा टाकता येत नाही.

आता नचिकेताकडे बघा. यमाच्या दारात तो तीन रात्री उपाशी थांबला, म्हणून यमाने त्याला ३ वर दिले. पहिल्या वरात त्याने काय मागितलं? रागावलेल्या वडिलांचं मन शांत होवो. दुसऱ्यात स्वर्ग मिळवून देणारी अग्निविद्या. तिसऱ्या वेळी मात्र त्याने वर म्हणून प्रश्नच मांडला : माणूस मेल्यावर उरतो की नाही? यम म्हणाला, हे नको, शंभर वर्षं जगणारे मुलगे-नातू माग, हत्ती, घोडे, सोनं माग. पण नचिकेत हलला नाही. त्याला यमाकडचं काही नको होतं, त्याला यमाचं उत्तर हवं होतं.

हे वाचताना मी स्वतःपाशी अडकलो. आई गेल्यापासून बाबा गावच्या घरात एकटे असतात. दोन वर्षं मी रोज देवाकडे एकच मागतोय : बाबांना पुण्याला यायची बुद्धी दे. फ्लॅटमध्ये त्यांची खोलीसुद्धा तयार आहे. पण बाबांना विचारलं होतं का? ‘कधी येताय?’ असं म्हणायचो. हे विचारणं नव्हे, मागणंच.

गेल्या रविवारी खळ्यात बसून विचारलं, “बाबानू, तुमका काय व्हया?”

बराच वेळ ते माडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “ह्यां तू आजच इचारलंस.” आणि थोड्या वेळाने, “थंय माका कोण वळाखता? मी येवचंय नाय.”

पाकळी डावी पडली. खरं सांगतो, वाईट वाटलं. पण कौल लावायचा आणि उजवीच पाकळी मोजायची, तर देवाला विचारलं कशाला?

प्रश्न सुटलेला नाही. बाबांचा बीपी आहे, रात्री घरात कोणी नसतं. महिन्यातला एक आठवडा गावाहून काम करू द्या, असं ऑफिसात मागितलंय. उत्तर यायचंय.

देवाकडचं मागणं मात्र मी बदललंय. देवा, विचारायचं धैर्य दे, आणि उत्तर ऐकायचंही.

आज घरातल्या एका माणसाला काहीतरी खरंच विचारून बघा.

हरि ॐ.