थडग्यांविना स्मरण : कीवचे बाबिन यार

युक्रेनच्या राजधानीत, कीव शहराच्या वायव्य भागात, बाबिन यार नावाची मोठी घळ होती. २९ आणि ३० सप्टेंबर १९४१ या दोन दिवसांत नाझी जर्मनीच्या पथकांनी तिथे ३३,७७१ ज्यूंना गोळ्या घालून मारले. हा आकडा खुद्द मारेकऱ्यांच्या अहवालातला आहे. घळ आता बरीचशी बुजली आहे. तिच्या जागी झाडी, पायवाटा आणि वेगवेगळ्या काळात उभारलेली अनेक स्मारके असलेले विस्तीर्ण उद्यान आहे. त्या दोन दिवसांत मारल्या गेलेल्यांची थडगी मात्र तिथे नाहीत. ज्यू धर्मात मृताचे स्मरण कबरीशी, तिथीशी आणि नावाशी बांधलेले असते. कबर नाही आणि हजारो नावांची नोंदही नाही, अशा ठिकाणी स्मरण म्हणजे नेमके काय करायचे, हा प्रश्न इथे नुसता पुस्तकी राहत नाही.

जर्मन सैन्य १९ सप्टेंबरला कीवमध्ये शिरले. पाच दिवसांनी ख्रेश्चातिक या मुख्य रस्त्यावर, माघार घेताना सोव्हिएत बाजूने पेरून ठेवलेले सुरुंग फुटू लागले आणि त्याचे निमित्त करून शहरातल्या ज्यूंच्या कत्तलीचा निर्णय झाला. २८ तारखेला भिंतींवर फर्मान लागले. सर्व ज्यूंनी सोमवारी सकाळी आठपर्यंत कागदपत्रे, पैसे, मौल्यवान वस्तू आणि गरम कपडे घेऊन ठरलेल्या चौकात हजर व्हायचे होते. न येणाऱ्याला गोळी घातली जाणार होती. जवळच रेल्वेचे मालस्थानक असल्याने आपल्याला दुसरीकडे हलवणार, असाच बहुतेकांचा समज झाला. तरुण पुरुष बव्हंशी सैन्यात होते. आले ते मुख्यतः म्हातारे, बायका आणि मुले. ३० तारखेच्या संध्याकाळी योम किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्ताचा, ज्यू वर्षातला सर्वांत पवित्र दिवस सुरू होत होता. त्यानंतरही १९४३ पर्यंत या जागी हत्या चालूच राहिल्या. आणखी ज्यू, रोमा, सोव्हिएत युद्धकैदी, मनोरुग्ण आणि युक्रेनी राष्ट्रवादी त्यांत मारले गेले. एकूण बळींचा अंदाज साधारण ७० हजार ते १ लाख असा केला जातो. जर्मनांना माघार दिसू लागली तेव्हा, ऑगस्ट १९४३ पासून, कैद्यांना बेड्या घालून प्रेते उकरायला आणि जाळायला लावले. त्या चितांसाठी शेजारच्या ज्यू दफनभूमीतले थडग्यांचे दगड वापरले गेले.

हे सारे ज्यू अंत्यविधीच्या नियमांशेजारी ठेवले की त्याचा अर्थ अधिक कळतो. प्रेत शक्य तितक्या लवकर मातीला द्यायचे, जाळायचे नाही, आणि एकदा पुरल्यावर ती जागा कायमची मृताची मानायची, असा परंपरेचा दंडक आहे. दरवर्षी मृत्यूच्या तिथीला दिवा लावतात आणि कद्दिश ही प्रार्थना म्हणतात. त्यासाठी मिन्यान, म्हणजे किमान दहा प्रौढांची उपस्थिती लागते. सनातनी परंपरेत हे दहाही पुरुषच असतात. कोकणातून मुंबईला आलेल्या बेने इस्राएल समाजातही हीच प्रार्थना म्हटली जाते. कद्दिशमध्ये मृत्यूचा उल्लेख नाही. ती ईश्वराच्या महिमेची प्रार्थना आहे. ज्यांच्या मृत्यूचा दिवस माहीत नाही अशा नरसंहारातल्या बळींसाठी इस्राएलच्या मुख्य रब्बी, म्हणजे धर्मगुरूंच्या, मंडळाने ज्यू पंचांगातल्या तेवेत महिन्याची दहावी तिथी सामूहिक कद्दिशसाठी ठरवून दिली. बाबिन यारच्या त्या दोन दिवसांतल्या बळींबाबत तिथी तेवढी माहीत आहे: तिश्री महिन्याची आठवी आणि नववी. बाकी सगळे हिरावले गेले.

युद्धानंतर त्यात विस्मरणाची भर पडली, आणि ती हेतुपुरस्सर होती. सोव्हिएत चौकशी आयोगाच्या अहवालाच्या मसुद्यात ज्यूंचा स्पष्ट उल्लेख होता. १९४४ मध्ये छापताना तो काढून ‘शांतताप्रिय सोव्हिएत नागरिक’ असा शब्दप्रयोग घालण्यात आला. १९५० नंतर वीटभट्ट्यांचा गाळ सोडून घळ बुजवायला सुरुवात झाली. १३ मार्च १९६१ रोजी तो गाळ अडवणारा बांध फुटला आणि खालची कुरेनिव्का वस्ती चिखलात गाडली गेली. त्याच वर्षी कवी येव्हगेनी येव्तुशेंकोची बाबिन यारवरची कविता प्रसिद्ध झाली आणि पुढच्या वर्षी संगीतकार शोस्ताकोविचने तिला आपल्या तेराव्या सिम्फनीत स्थान दिले. तरीही १९७६ साली उभ्या राहिलेल्या भव्य सरकारी स्मारकावर ज्यूंचे नाव आले नाही. मेनोराच्या, म्हणजे सात फाट्यांच्या दीपवृक्षाच्या आकाराचे ज्यू स्मारक उभे राहायला २९ सप्टेंबर १९९१ उजाडावे लागले. सर्व मृत सारखे, मग वेगळा उल्लेख कशाला, हा त्या काळचा युक्तिवाद वरवर उदार वाटतो. पण ही माणसे नागरिक म्हणून मारली गेली नव्हती. त्यांना चौकात बोलावणाऱ्या फर्मानात एकच निकष होता. मरणाचे कारण वगळून केलेला शोक अपुरा असतोच, शिवाय तो खोटाही असतो. रोमांच्या स्मृतीसाठी पुढे तिथे त्यांच्या फिरत्या गाडीच्या रूपातले वेगळे स्मारक उभे राहिले, तेही याच न्यायाने रास्त ठरते.

मात्र इथे एक खरी अडचण उभी राहते. मारेकऱ्यांनी माणसांना ज्या एका निकषात कोंबले, त्याच निकषाने त्यांचे स्मरण करायचे का? १९४१ च्या कीवमधले अनेक ज्यू सोव्हिएत शाळांत शिकलेले, सिनेगॉगची, म्हणजे ज्यू प्रार्थनामंदिराची, पायरीही न चढलेले होते. परंपरेत ‘किद्दुश हाशेम’, म्हणजे ईश्वरनामासाठी हौतात्म्य, ही कल्पना निवडीवर आधारलेली आहे: धर्म सोड किंवा मर, असा पर्याय समोर असताना माणूस मरण पत्करतो. नाझींनी असा पर्याय कोणालाच दिला नाही. तरीही अनेक रब्बींनी ज्यू असल्यामुळे मारला गेलेला प्रत्येक जण ‘कादोश’, म्हणजे पवित्र, मानला. हा निर्णय प्रेमाचा आहे. पण नास्तिक म्हणून जगलेल्या माणसाला मरणोत्तर श्रद्धावंत ठरवण्याचा धोका त्यात आहेच. या अडचणीतून वाट काढायची तर ती नावांवाटेच निघू शकते. जेरुसलेमच्या याद वाशेम संस्थेने १९५० च्या दशकापासून प्रत्येक बळीसाठी साक्षपत्रे जमवली. त्यांत नावासोबत आईबापांची नावे, गाव, व्यवसाय लिहिलेला असतो. शिंपी, शिक्षिका, विद्यार्थी अशी ओळख परत मिळाली की माणूस निकषाच्या बाहेर येतो.

या मातीवर ईश्वराची स्तुती कशी करायची, हा त्याहून अवघड प्रश्न. ज्यू विचारवंत रिचर्ड रुबेन्स्टाइन यांनी १९६६ मध्ये असे मांडले की, इतिहासात हस्तक्षेप करणाऱ्या ईश्वरावर आउश्वित्झच्या मृत्युछावणीनंतर विश्वास ठेवता येत नाही. रब्बी एलिएझर बेर्कोव्हिट्स यांनी १९७३ मध्ये ‘मुख लपवलेला ईश्वर’ ही जुनी कल्पना पुढे आणली: माणूस स्वतंत्र राहायचा तर ईश्वराला मागे सरावे लागते, आणि त्या स्वातंत्र्यात क्रौर्यही येते. उद्यानात उभ्या असलेल्या माणसाला हे उत्तर पुरत नाही. मुलांच्या मरणापुढे कोणतेही समर्थन तोकडेच आहे. बेर्कोव्हिट्स यांचा दुसरा मुद्दा अधिक टिकणारा वाटतो. ज्यांनी ते भोगले त्यांच्यातल्या कोणी श्रद्धा गमावली, कोणी टिकवली. दोघांनाही जोखण्याचा अधिकार न भोगलेल्यांना नाही.

२०२१ मध्ये मेनोरा स्मारकाजवळ वास्तुविशारद मानुएल हेर्झ यांचे लाकडी सिनेगॉग उभे राहिले. ते पुस्तकासारखे उघडते आणि उघडण्यासाठी माणसांना हाताने जोर लावावा लागतो. जमिनीत खोल पाया न खणता ते लाकडी चौथऱ्यावर ठेवले आहे, कारण खाली कोणाचे अवशेष असतील हे सांगता येत नाही. आत पश्चिम युक्रेनमधल्या नष्ट झालेल्या लाकडी सिनेगॉगांतली नक्षी आहे, तिथल्या जुन्या प्रार्थना आहेत, आणि छतावर २९ सप्टेंबर १९४१ च्या रात्रीचे कीवचे तारे आहेत. त्याआधी २०२० मध्ये नव्या स्मारक केंद्राच्या एका आराखड्यावरून मोठा वाद झाला होता. भेट देणाऱ्याची मानसिक चाचणी घेऊन त्याला आभासी दृश्यांत बळीची किंवा मारेकऱ्याची भूमिका द्यावी, अशी त्यात कल्पना होती. इतिहासकारांचा विरोध योग्यच होता. दुसऱ्याचे मरण अनुभवता येते असे मानणे हा मृतावर केलेला अतिक्रम आहे. जिवंत माणसाला फक्त साक्षीजवळ जाता येते. हाताने दार उघडणे, नाव वाचणे, दगड ठेवणे एवढीच त्याची कृती असू शकते.

उद्यानात येणाऱ्यांसाठी काही रिवाज परंपरेनेच ठरवले आहेत. कबरीवर फुलांऐवजी लहान दगड ठेवतात. मेनोरापाशीही तसेच केले जाते. दफनभूमीतून निघताना हात धुतात. कोहेन, म्हणजे अहरोनच्या वंशातले पुरोहित, सामान्यतः दफनभूमीत पाऊल ठेवत नाहीत, कारण मृताच्या सान्निध्याने येणारी अशुद्धी त्यांनी टाळायची असते. गाळाने बुजलेल्या आणि वर रस्ते, घरे झालेल्या या घळीत दफनाची हद्द डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे कोहेनने नेमके कुठे थांबायचे, हे ठरवण्यासाठी जुने नकाशे आणि १९४१ ची छायाचित्रे पाहावी लागतात.